भिंतीवरची वाटी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामासोबत घडली आहे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. ज्यांना अमावास्या, घुबड वगैरे लागतं त्यांची आधीच माफी मागतो.

पण आदिलाबादचा मे महिना ज्यानं पाहिला आहे, त्याला समजेल. दुपारी बाराला तिथं जितकं सामसूम असतं तितकं मसणातही नसतं. मसणात निदान कुत्री असतात.

साल १९८१. माझा मामा नागोराव तलमडुगुकडच्या खेड्यातून आदिलाबादेत आला. सरकारी कचेरीत कारकून म्हणून. आमच्या खानदानात तोवर सगळ्यांनी दुसऱ्याच्या वावरात निंदण केलेलं. सरकारी पेन हातात धरणारा हा पहिलाच. सोबत रुख्मिणी मामी. लग्नाला चार महिने झालेले.

सुधाकरराव नावाच्या म्हाताऱ्या घरमालकाकडं दोन खोल्या मिळाल्या. मागं अंगण. अंगणात एक भिंत, माणसाच्या डोक्याहून वीतभर उंच. भिंतीपलीकडं दुसऱ्या खोल्या.

मामा सकाळी दहाला जायचा, संध्याकाळी सहाला यायचा. मामी दिवसभर एकटी. बाजारात तेलुगू, गल्लीत उर्दू. मामीला दोन्ही येत नव्हत्या. पहिल्या आठवड्यात ती फक्त चुलीशी बोलली.

मग एका संध्याकाळी मामा घरी आला, तर मामी चक्क गुणगुणत होती.

"शेजारीण भेटली," ती म्हणाली. "विरजण नव्हतं. मी आपली एकटीच बडबडून राह्यली होती, तं तिनं भिंतीवर वाटी ठेवली. दह्याची."

"कोण हाय?"

"देवकाबाई. आपल्यावानीच बोलते. आपल्याच भागातली असन."

जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी होती. काठाला एक पोचा. मामीनं दुसऱ्या दिवशी तिच्यात ज्वारीच्या कण्या घालून भिंतीवर ठेवली. आमच्या वस्तीत शेजारची वाटी रिकामी परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर मीठ टाकतात, पण रिकामी नाही.

तिसऱ्या दिवशी वाटीतून अंबाडीची भाजी आली. मग इकडून ठेचा गेला. तिकडून बेसन आलं.

मामीचं वजन वाढलं.

"अवो, तिनं जात नाई विचारली," एकदा मामी म्हणाली. आवाज जरा ओला होता. गावात आमच्या घरचं भांडं दुसऱ्या कोणी हातात धरल्याचं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. "शहर चांगलं हाय."

कचेरीत पहिल्याच दिवशी मामाला तिघांनी फिरवून फिरवून आडनाव विचारलं होतं. जात न विचारता आपल्या घरच्या कण्या खाणारी बाई? आदिलाबादेत?

मामाला पहिला संशय तिथंच आला.

रविवारी तो समोरून वळसा घालून शेजारच्या दाराशी गेला. जरा ओळख करून घ्यावी म्हणून.

दाराला कुलूप होतं...

गंजलेलं. त्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं. जाळंही जुनं होतं. कोळीसुद्धा सोडून गेला होता.

मामा तसाच सुधाकररावांकडं गेला. ते ओसरीत तंबाखू मळत होते.

"बाजूले कोण राह्यते?"

"कोणीच नाई. कुलूप मीच लावलं. बहात्तर साली."

"आमची मंडळी म्हणते की..."

सुधाकररावांचा हात थांबला.

"वाटी सध्या कोणाकडं हाय?"

मामानं वाटीचं नावही काढलं नव्हतं.

"आ... आमच्याकडं."

"मंग ठीक हाय. ऐका नागोराव. घर सोडसाल त्या दिवशी वाटी तुमच्याकडं पायजे. तिच्याकडं नको. तिच्याकडं राह्यली तं मंग पाळी तिची होते."

"कायची पाळी?"

"भरून देयाची. बाई मोठी शिस्तीची होती." आणि त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. आता पुढचं बोलणं शक्य नव्हतं. तंबाखूचा हा मोठा फायदा आहे.

मामा बौद्ध. भूतखेत मानायचं नाही, असं त्यानं विहारात सगळ्यांसमोर म्हटलेलं. स्वतःच्या लग्नात त्यावर भाषणही दिलेलं. त्यामुळं भगताकडं जायची सोय नव्हती. विहारात सांगायचीही नव्हती.

म्हणून तो संशय घेऊ लागला. भूत मानण्यापेक्षा माणसावर संशय घेणं शास्त्रीय असतं.

आधी सुधाकररावांवर घेतला. पण म्हाताऱ्याला अंबाडीची भाजी काय, साधा चहाही करता येत नव्हता. मग मामीवर घेतला. ही स्वतःच वाटी ठेवते, स्वतःच उचलते. एकटेपणानं डोकं फिरलं असेल.

सोमवारी त्यानं रजा टाकली. मामीनं आदल्या संध्याकाळीच वाटी भरून भिंतीवर ठेवली होती, सकाळी ती तिथं नव्हती. अंगणात बाज टाकून तो भिंतीसमोर बसला. मामी आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज त्याला सारखा ऐकू येत होता. म्हणजे ती आतच होती.

बारा वाजले. कापसाच्या जिनिंग मिलचा भोंगा झाला.

भोंगा थांबला आणि मग... सगळंच थांबलं.

कावळा नाही. सायकलची घंटी नाही. भाकरीचा आवाज नाही.

भिंतीपलीकडं बांगड्या वाजल्या...

मामानं खाली वाकून चप्पल उचलली. कशासाठी, ते त्याला आजही सांगता येत नाही. मान वर केली तर भिंतीवर वाटी होती.

वाटीतून वाफ निघत होती.

मामा बाजेवर चढला आणि पलीकडं डोकावला.

अंगणभर वाळका पाला. घोट्याइतका. नऊ वर्षांचा. चूल नाही, धूर नाही. पाल्यावर पावलाचा एक ठसा नाही.

"काय पाहून राह्यले?" मागून मामी.

"तिथं कोणीच नाई, रुखमे!"

"दुपारी बाईमाणसाच्या अंगणात डोकावाले शरम नाई वाटत? आत गेली असन ती."

"उद्या वाटी रिकामी दे परत."

"रिकामी? लोक काय म्हणतीन?"

"कोणते लोक?"

मामी वाटी आत घेऊन गेली.

आठ दिवसांत मामानं दुसरं घर शोधलं. स्टेशनच्या बाजूला, वरचा मजला. मागं अंगण नाही, भिंत नाही. भिंतच नाही तर वाटी ठेवील कुठं? मामानं फार विचार केला होता.

घर सोडायच्या सकाळी वाटी त्यांच्याकडंच होती. मामानं तीनदा खात्री केली. दुपट्ट्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवली. सामान रिक्षात चढवलं. पिशवी दोन मिनिटं उंबऱ्यावर होती. फक्त दोन मिनिटं.

नव्या घरात त्यानं पिशवी उघडली.

दुपट्टा होता...

"रुखमे. वाटी?"

मामी ट्रंकेतून लुगडी काढत होती. मान वर न करता म्हणाली, "देऊन आली."

"काय?"

"गूळ घालून. जाताना तोंड गोड कराव."

"तुले सुधाकररावचं सांगतलं होतं ना मी? पाळी कोणाची ते?"

"सांगतलं होतं नं. म्हणूनच देल्ली."

मामानं पिशवी उलटी करून पुन्हा एकदा झटकली.

"तुमी दहाले जाता, सहाले येता," मामी म्हणाली. "इथं मी कोणाले ओळखते?"

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी मामा एक फाईल घरी विसरला. साहेब ओरडला, म्हणून भर दुपारी परत आला. जिन्याच्या मधोमध पोचला, आणि भोंगा झाला.

भोंगा थांबला आणि...

वरून मामीचं हसू ऐकू आलं.

"घर सापडलं का लवकर?" मामी विचारत होती. मग थांबली. कोणी उत्तर द्यावं, इतका वेळ. "हो नं बाई, पायऱ्या लय हायेत. बस, दमली असशीन."

मामा पुढची पायरी चढला नाही.

वर पुन्हा शांतता. मग मामीचा आवाज जिन्याकडं वळला.

"अवो, उभे काऊन राह्यले? या ना. ती म्हणून राह्यली, कवापासून तुमालेच पाहाचं हाय तिले. त्या दिवशी भिंतीवरून तुमी तिले पाह्यलं म्हणे. मंग बोलले काऊन नाई?"

मामा फाईल न घेता कचेरीत परत गेला.

त्यानंतर एकतीस वर्षं तो दुपारी घरी गेला नाही. उटनूरला बदली झाली, परत आदिलाबादेत आला, चार घरं बदलली. मामी कुठंच एकटी पडली नाही. जेवणाच्या सुट्टीतही खुर्ची सोडत नाही, म्हणून कामसू कारकून असा मामाचा सत्कार झाला. रविवारी विहारात बसायचा. इतर सुट्ट्यांना कापूस मार्केटात. आमच्या घरी कधीच कापूस नव्हता.

हे सगळं त्यानं मला मागच्या महिन्यात सांगितलं. २०१२चा मे. रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, समोसा. मामी पहिल्या रांगेत, नव्या पातळात. फार खूश होती. साडेअकराला सगळं आटोपलं, तशी ती मामाचा हार सारखा करत म्हणाली, "बरं झालं बाई. आता रोज दुपारी तिघं मिळून जेवू."

मामा-मामीला मूलबाळ नाही.

मामानं माझ्याकडं पाहिलं. "तू चाल ना बाप्पा," म्हणाला, "आजच्या दिवस जेवाले."

मी म्हटलं, उद्या परीक्षा आहे.

परीक्षा नव्हती.