यॉर्कच्या खोलीतला पाळणा

रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी अश्विन डायपर आणायला खाली उतरला. शुक्रवार, चौदा ऑक्टोबर दोन हजार सोळा. कोजागिरीची आदली रात्र. आमच्या इमारतीतल्या निशिकांतकाकांनी वेळ अशी नेमकी सांगितली म्हणून मीही तशीच सांगते. अश्विन त्यांचा सख्खा भाचा, इथे सिंगापुरातच बुओना व्हिस्टाला राहतो. अनुया त्याची बायको. "ऐकीव नाही," काका म्हणाले, "अनुयाने माझ्यासमोर बसून सांगितलंय."

आम्ही बुकित बातोकला आमच्या इमारतीखालच्या दगडी टेबलाशी बसलो होतो. काका, मी, शेजारची चैत्राली, आणि माझ्या मांडीवर माझी पाच महिन्यांची मुलगी. यांची नाईट शिफ्ट. वर जाऊन एकटीनेच बसायचं, म्हणून मीच काकांना म्हटलं, काहीतरी सांगा.

"भुताचं सांगू?"

"सांगा की. मग लिफ्टपर्यंत तुम्हीच सोडायचं," चैत्राली म्हणाली.

काकांनी सांगितलं ते असं.

अश्विनला लंडनला ऑफिसचं काम होतं. त्याला तीन दिवस सुट्टी जोडून तो अनुयाला आणि सात महिन्यांच्या ओजसला घेऊन यॉर्क नावाच्या गावी गेला. जुनं गाव, भोवती दगडी तट, तटावरून चालत फिरता येतं. अंधार पडला की वर जाऊ देत नाहीत, म्हणून संध्याकाळी खाली आले. एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. मालकीण म्हातारी. ती रात्री आपल्या लेकीकडे झोपायला जायची. जाण्याआधी तिने माळ्यावरून एक लाकडी पाळणा आणून ठेवला. जमिनीवर डुलणारा. बाळाला यात झोपव, म्हणाली. आणि दारातच उभी राहिली, बघत.

आता दुसऱ्याच्या घरातला पाळणा. त्यात कोण झोपलं असेल, त्याचं पुढे काय झालं असेल, कुणाला माहीत. अनुयाला नको होता. पण एवढ्या प्रेमाने आणलेला, नाही कसं म्हणायचं. मग तिने आपल्याकडे बारशाला करतात तसं केलं. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात ना, टोपडं घालून. तिथे वरवंटा कुठला. तिने गरम पाण्याचा थर्मास ओजसच्या दुपट्यात गुंडाळला, त्याला टोपडं चढवलं आणि पाळण्यात ठेवला.

"म्हातारीला वाटलं असेल, पोरगी वेडी आहे," चैत्राली हसली.

"अनुयाने दाराकडे पाठ करून केलं, ओजस पलंगावर पांघरुणात होता. लांबून तिला बाळच वाटलं. ती समाधानाने गेली. चूक पुढे झाली," काका म्हणाले. "वरवंटा लगेच काढून घ्यायचा असतो. अनुया विसरली. ओजसला कुशीत घेऊन पलंगावर आडवी झाली आणि सवयीने पायाने पाळणा हलवत राहिली."

"रिकामा पाळणा?" मी विचारलं.

"रिकामा कुठे होता."

डायपर संपले होते. वीस मिनिटांत येतो म्हणून अश्विन गेला. फोन चार्जिंगलाच राहिला.

अकरा वाजले. अनुयाने दिवा मालवला. घरात दुसरं माणूस नाही. खिडकीतून चांदण्यात तट दिसत होता, त्यावर कुणी नाही. इथे कसं, रात्रीही कुणाचा तरी टीव्ही चालू असतो, लिफ्टचा आवाज येतो. तिथे काहीच नाही. आईला फोन करावासा वाटला तिला. पण पुण्यात पहाटेचे साडेतीन. कशाला उठवायचं.

सव्वाअकरा. बाळ रडायला लागलं.

तिने थोपटलं. थोपटत राहिली. मग लक्षात आलं... ओजस तिच्या दंडावर गाढ झोपलाय. तोंड मिटलेलं.

रडणं पाळण्यातून येत होतं.

काका थांबले. मी पोरीला जवळ ओढलं.

अनुयाने पाय केव्हाच पोटाशी घेतले होते. तरी पाळणा हलत होता. एका लयीत. कर्र... कर्र... रडणं कमी होत गेलं. आई आल्यावर होतं तसं.

पाळण्याजवळची फळी करकरली. मग गुणगुणणं. शब्द नाहीत. दमलेल्या बाईचं असतं तसं. "मामा, भीती वाटलीच," अनुया म्हणाली होती, "पण त्याहून वाईट वाटलं. कुणाला तरी फार दिवसांनी मूल मिळालं होतं."

गुणगुणणं थांबलं.

पाळण्यातलं टोपडं हळूच वर उचललं गेलं.

खाली थर्मास.

...

फळी पुन्हा करकरली. आता पलंगाजवळची.

अनुयाने ओजसला छातीशी धरलं. डोळे मिटले. ओरडता येईना. देवाचं नाव आठवेना. एवढंच म्हणत राहिली, "हा माझा आहे... माझा आहे हा..." मराठीतच.

तिच्या हातावरून काहीतरी गार गेलं. कानाशी... कच्च.

मग काही नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी अश्विन आला. तटाच्या वेशी त्याला सगळ्या सारख्याच वाटल्या, भलत्याच वेशीतून शिरून तो तासभर गल्ल्यांतून फिरत होता. दिवा लावला तर अनुया भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले. "अगं सोड, गुदमरेल तो," अश्विन म्हणाला. ती सोडेना.

"बाळ बरं होतं ना?" मी विचारलं.

"बरं होतं. झोपेत हसत होतं." काकांनी माझ्या मुलीकडे पाहिलं. "त्याचं जावळ काढायचं राहिलं होतं. इथे परत आल्यावर करणार होते. अश्विनने त्याला उचललं तेव्हा दिसलं. उजव्या कानामागची बट नव्हती. सरळ कापलेली. खोलीत कात्री नव्हती. पलंगावर एकही केस पडलेला नव्हता."

"केस नंतर आले असतील," चैत्राली म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"जावळ झालं, नवे केस आले, दाट आले. तेवढी जागा सोडून. मी बोट लावून पाहिलंय. रुपयाएवढी, गुळगुळीत."

काका आम्हाला वरपर्यंत सोडायला आले. मी सगळे दिवे चालू ठेवून हे येईपर्यंत बसून राहिले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत.

तुमच्या ओळखीत कुणी तान्हं बाळ घेऊन फिरायला निघालं असेल तर त्यांना एवढं सांगा. परक्या घरी पाळणा दिला तर नको म्हणा, समोरच्याला वाईट वाटलं तरी चालेल. आणि काही आणायला जायचं झालं तर तिघंही जा. त्यांनाही सांगा, पुढच्यांना सांगायला.