अक्रोडाचा वरचा खण

खालचा खण आत लोटला की दाबल्या हवेनं वरचा खण आपणहून बोटभर बाहेर यायला हवा. मास्टर लोरेन्झ याला कपाटाचा श्वास म्हणत. बुर्गीचं अक्रोडाचं कपाट मात्र काही केल्या श्वास घेईना. वरचा खण हटून बसला होता. आज सोमवार, कारागिरीची परीक्षा गुरुवारी, आणि ज्यांनी तीन वर्षं रागावत, चिडवत तिला रंधा धरायला शिकवलं, ते मास्टर ईस्टरच्या आधीच वारले होते.

"घाई केलीस तर हे लाकूड चारचौघांत तुझं नाक कापेल," असं ते म्हणायचे. बुर्गीला त्यांची फार आठवण येत होती. तिनं खणाची जाडी मापून वहीत लिहिली आणि पाचला ती घरी गेली.

मंगळवारी सकाळी तोच खण लोण्यासारखा सरकला. टेबलाखाली रंध्याच्या ताज्या साली पडल्या होत्या, लांब, अखंड, कागदाहून पातळ. बुर्गीच्या साली अजून तुटक निघत.

मास्टरांची बायको रोझलकाकू कारखान्याच्या वरच राहायच्या. त्या कॉफी घेऊन खाली आल्या.

"किती राबशील गं? उजाडत नाही तोच रंधा सुरू?"

"काकू, मी आत्ता येतेय."

रोझलकाकूंनी सालींकडे पाहिलं. कप ठेवताना थोडी कॉफी सांडली.

"धीर म्हणून नव्हताच त्यांना कधी," त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

बुर्गीला रडू आलं, आणि रागही. परीक्षेच्या कामाला दुसऱ्याचा हात लागता कामा नये, हा सुतारसंघाचा शेकडो वर्षांचा नियम. संघाच्या पेटीवर हात ठेवून तशी शपथ घ्यायची. नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

"मास्टर," संध्याकाळी निघताना ती रिकाम्या खोलीत म्हणाली, "मायेनं केलंत, कळतं मला. पण मी शपथ कशी घेऊ? होतं तसं करून ठेवा."

मग स्वतःचीच लाज वाटून तिनं कुलूप लावलं आणि ती घरी गेली.

बुधवारी खण पुन्हा अडला.

दमट हवेनं लाकूड फुगतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं माप घेतलं. वहीतल्या आकड्याशी केसभरही फरक नव्हता. लाकडाच्या रेषा सलग होत्या, कुठे जोड नाही, गोंद नाही.

टेबलाखाली एकही साल नव्हती.

बुर्गीनं रंधा उचलला. दुपारपर्यंत तिनं स्वतःच्या तुटक साली काढल्या. कपाटानं एकदाचा श्वास घेतला.

गुरुवारी संघाचे वडीलधारे ओट्मार यांनी पेटीचं झाकण उघडलं. पेटी उघडी असेतो तिथे कुणी टोपी घालत नाही की खोटं बोलत नाही. बुर्गीनं न अडखळता शपथ घेतली. ओट्मारांनी खालचा खण लोटला. वरचा हळूच बाहेर आला, शेवटी मात्र किंचित कुरकुरला.

"पास झालीस," ते हसून म्हणाले. "पण लोरेन्झ असता ना, तर अजून एक साल काढली असती त्यानं."

"काढली होती," बुर्गी म्हणाली. "मीच परत बसवायला लावली."