उजव्या डोळ्याचे फोटो

टिंग.

स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हने दूध तापल्याचं कळवलं, तेव्हा मागच्या खोलीत तपासणी चालू होती.

जळगावच्या घरातली ही मागची खोली म्हणजेच मृण्मयी ओगलेची प्रयोगशाळा. टेबलावर तिने गावोगावच्या मुलांसाठी बनवलेला, डोळ्याच्या आतला पडदा टिपणारा नेत्र-कॅमेरा होता, आणि डॉ. यास्मिन तडवी मृण्मयीच्या चार वर्षांच्या मुलीच्या, कुहूच्या उजव्या डोळ्यात आपल्या जुन्या भिंगातून तिसऱ्यांदा बघत होत्या. कुहू सातव्या महिन्यात जन्मलेली. तिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणं भाग होतं, म्हणून मृण्मयी दर रविवारी दोन्ही डोळ्यांचे फोटो काढून यास्मिनताईंना पाठवायची. आज त्या स्वतः आल्या, कारण काल खेळताना डावा डोळा झाकून पळणारी कुहू सरळ दाराच्या चौकटीवर जाऊन आपटली होती.

"जा गं राणी, तुझ्या हत्तीशी खेळ," म्हणत त्यांनी तिला सोडलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "डोळ्याचा मागचा पडदा सुटलाय. निम्म्याहून जास्त. हे आठ दिवसांत होत नाही, मृण्मयी. पाच-सहा महिने तरी चाललं असेल."

"पण मागच्या रविवारचा फोटो स्वच्छ होता. तुम्हीच बघितलात."

"बघितला. तेच तर कळत नाहीये मला."

मृण्मयीने संगणक उघडला. उजव्या डोळ्याचे तीस फोटो. तीसही नितळ, केशरी. ती उठली, कपाट उपसून एक केबल शोधून काढली. वर्षभर तिला हात लागला नव्हता. कुहूचा पाय तिच्यात अडकायचा, म्हणून तर तिने कॅमेरा आणि संगणक यांची बिनतारी जोडणी केली होती.

"कॅमेऱ्याच्या स्वतःच्या स्मृतीत मूळ फोटो राहतात," ती म्हणाली आणि केबल लावली.

मागच्या रविवारचा डावा डोळा दोन्हीकडे सारखाच. उजवा मात्र संगणकात नितळ, आणि कॅमेऱ्यात राखाडी, सुरकुतलेला, ओल्या फडक्यासारखा.

मृण्मयीने दोन्ही उजवे फोटो शेजारी-शेजारी लावले.

"मग हा चांगला आला कुठून?" ताईंनी विचारलं.

"संगणकाने रंगवला." मृण्मयी म्हणाली. "फोटो हवेतून येतो तो हजारो तुकड्यांनी. काही वाटेत हरवतात. पुन्हा मागवत बसलं तर तोवर मूल हलतं. म्हणून ती जागा संगणक अंदाजाने भरतो. रिक्तपूरण म्हणतो आम्ही त्याला. चार-पाच टक्के भरायचं असतं, ताई. चिमूटभर."

"अंदाज कशावरून करतो?"

"दोन लाख डोळ्यांवरून शिकलाय." ती थांबली. "निरोगी डोळ्यांवरून."

"वा. म्हणजे आजार वाटेत हरवला की रोगी बरा. मी उगाच दवाखाना काढला." बोलून गेल्यावर त्यांनाच ते लागलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पण उजव्याचेच तुकडे का हरवावेत?"

मृण्मयीने नोंदी काढल्या. दर रविवारी डाव्याचं पूरण तीन टक्के. उजव्याचं एक्क्याण्णव, त्र्याण्णव, नव्वद.

तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे मायक्रोवेव्ह होता.

"डाव्या डोळ्याला ती गप्प बसते," ती सावकाश म्हणाली. "उजव्याची पाळी आली की कंटाळते. मग मी दूध तापत ठेवते आणि सांगते, टिंग वाजेपर्यंत हलायचं नाही हं, माझी बाय. आत्ताही तेच केलं. मायक्रोवेव्हच्या लहरी आणि या जोडणीच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या आहेत, ताई. तो चालू असला की फोटोचे तुकडे वाटेतच हरवतात, आणि नेमका तेव्हाच मी दर वेळी उजवा डोळा टिपला."

"एवढं भरलं तर यंत्राने सांगायला नको?"

"सांगायचं. कोपऱ्यात आकडा यायचा. गावोगावच्या आरोग्यसेविका तो बघून बिचकायच्या, पुन्हा पुन्हा फोटो काढायच्या, मुलं रडायची. मीच तो आकडा लपवला."

"किती गावांत आहे हा कॅमेरा?"

"तीनशे बारा."

ताईंनी हत्तीशी खेळणाऱ्या कुहूकडे पाहिलं.

"पण हिला कसं कळलं नाही?" मृण्मयीने विचारलं. "एका शब्दाने बोलली नाही हो ती."

"डावा डोळा दाखवतो त्यावरून मेंदू चित्र पुरं करतो. तुझा संगणक करतो तेच. तिला वाटत असणार, सगळ्यांना असंच दिसतं." ताईंनी फोन काढला. "मुंबईला शस्त्रक्रियेची वेळ मागते. तासाभरात निघायचं. नजर किती वाचेल, ते आत्ता नाही सांगता यायचं."

मृण्मयी सगळ्या गावांसाठी संदेश लिहायला बसली. 'या कॅमेऱ्याच्या कोणत्याही फोटोवर विसंबू नका. मुलांना डॉक्टरांकडे न्या.' पाठवायचं बटण दाबून तिने मान वर केली, तर कुहू हत्तीला काखेत धरून संगणकावरच्या त्या दोन फोटोंसमोर उभी होती.

"हे कुणाचे डोळे?"

"तुझाच आहे. उजवा."

"दोन्ही?"

मृण्मयीने तिला जवळ ओढून मांडीवर घेतलं. कुहूने आधी राखाडी फोटोवर बोट ठेवलं.

"हा खराब झालाय." मग नितळ फोटोवर. "हा छान आहे. हा तुझ्या कॉम्प्युटरने केला ना?"

"हो, बाळा."

"मग मला हाच लाव ना, आई. का नाही लावत?"