नानांच्या बुलेटची मागची सीट

वीज गेली ते बरंच झालं. लख्ख उजेडात ही गोष्ट सांगायची म्हणजे मला लाज वाटते. कंदील मध्ये असला की समोरच्याचं तोंड धड दिसत नाही, मग माणूस खरं बोलतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर मी उठून आत जाईन, सांगून ठेवतो.

तसं काम साधंच होतं. बायकोला माहेराहून आणायचं. शिरपूरहून. एक्क्याण्णव सालचा मे महिना.

आता ती माहेरी का गेली होती? माझ्यामुळे, दुसरं काय! माझ्याकडे तेव्हा लाल आरएक्स मोटारसायकल होती. काय पळायची, विचारू नका. जळगावात मी पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचो. दुकान बंद केलं की सुनंदाला मागे बसवायचं आणि मेहरूण तलावाच्या रस्त्यानं गाडी काढायची. मागून ती म्हणायची, ‘अहो, हळू...’ आणि मला वाटायचं, बाई माझं कौतुक करतेय. इतका मी बैल. एका संध्याकाळी वळणावर बारीक खडी होती. गाडीचा काही दोष नाही, चूक सगळी माझी. मी नुसता खरचटलो. ती उडून पडली. उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

प्लॅस्टर घालून ती शिरपूरला गेली. दीड महिन्यानं प्लॅस्टर निघालं, तरी आली नाही. चार महिने झाले. शेवटी तिचा भाऊ भाईदास निरोप घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, “पाहुणे, राग मानू नका. ताई म्हणते, ज्याच्या मागे बसायची भीती वाटते, त्याच्या घरात कशी राहू?”

घरात दोन माणसं, त्यातलं एक गेलेलं. चूल पेटवायचो आणि भाकरी करपवायचो. आठ दिवसांत आरएक्स विकून टाकली. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं तेव्हा मी ढसाढसा रडलो. तिचा हात मोडला तेव्हा रडलो नव्हतो. हे सांगताना आजही मला माझीच चीड येते.

मग ठरवलं, आता म्हाताऱ्या माणसाची गाडी घ्यायची. जड, शांत, लांब सीटची. चोपड्याच्या अलीकडे तोताराम नाना म्हणून केळीवाले होते, त्यांच्याकडे आठ वर्षांपासून जुनी बुलेट आहे, ती विकायचीय, असं कळलं. मळ्यातच घर. ओसरीवर त्यांच्या बायकोचा, मंदाबाईंचा फोटो, हार अजून ताजा होता. नाना फोटोकडे पाहून एवढंच म्हणाले, “ती गई ना भाऊ. आते ही गाडी घरमा नको.”

बायको गेली, गाडी घरात नको. मी काय समजायचं ते समजलो. नाना उपरण्यानं सीट पुसत होते. पुढची बाजू एकदा पुसली. मागची मात्र पुन्हा पुन्हा, कोपरे धरून पुसली. माझा जीव कळवळला. म्हटलं, आठ वर्षं मागे बसवलेली बाई, माया अशी सुटते का! किल्ली देताना त्यांनी गाडीला हात जोडले.

“आते बारा वाजनात. भर दुपारना निंघू नका, भाऊ. जेवा, चार वाजता जा.”

आपण ऐकणारे थोडेच! सुनंदाला कधी एकदा गाडी दाखवतो असं झालं होतं. किक मारायला गेलो, तर गाडीनं पायाला असा उलटा झटका दिला की नानांसमोर मी एका पायावर नाचलो. आणि तिचं सगळंच उलटं. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. माझ्या पायांना आरएक्सची सवय. पाय आपले जुन्याच घरी नांदत होते.

चोपडा मागे पडलं. उजव्या हाताला सातपुडा, पांढुरका, उन्हात विरघळल्यासारखा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गरम वाऱ्याची लू अशी चालली होती की डोळ्यांतलं पाणी सुकत होतं. गाडीची धडधड मात्र छान लागली होती. एका निंबाखाली थांबलो, पाणी प्यालो, गाडी सुरू केली, पाय उचलला...

आणि मागचे शॉकअप दबले.

एकदम नाही. हळूच. आणि डावीकडे थोडे जास्त. तुम्ही बायकोला मागे घेऊन गाडी चालवलीय ना? मग कळेल. बाई आडवी बसली की भार डावीकडे येतो, आपण नकळत उजवीकडे तोल धरतो. मी तसा तोल धरला. धरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी एकटा आहे.

आरशात पाहिलं. रस्ता. नुसता रस्ता. म्हटलं, चाकात हवा कमी असेल. मनाची समजूत काय, कशीही घालता येते. पण मग वास आला. शिकेकाईचा. नुकती न्हालेली बाई शेजारून गेली की येतो तसा, ओला, थंड. त्या भट्टीत थंड! सदरा उन्हानं कडक झाला होता, पण पाठीवर एका जागी ओल लागायला लागली. ओले केस टेकावेत तशी.

मला घाम सुटला, खोटं कशाला बोलू? घाबरलेला माणूस काय करतो? पळतो. मी मूठ पिळली. काटा पन्नासवर गेला, साठवर गेला...

खांद्यावर दोन बोटं पडली. टक, टक.

जोरात नाही हो. मारल्यासारखी तर मुळीच नाही. ‘अहो, हळू’ म्हणताना पडतात तशी. माझा हात आपोआप सैल झाला. काटा तिसावर आला आणि तेवढ्यात अनेर नदीच्या पुलाआधीचं वळण. वळणापलीकडे केळीचा ट्रक आडवा. एक्सल तुटलेला, घड रस्ताभर. मी सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला. उजव्या पायानं! म्हणजे गिअरच. गाडीनं आचके दिले, बंद पडली आणि ट्रकच्या फळीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. साठच्या वेगात असतो तर आज हा कंदील तुमच्यासाठी दुसऱ्याच कुणी लावला असता.

ट्रकवाला पाण्याची बाटली घेऊन धावत आला. मला वाटलं मला देतोय. तर त्यानं ती माझ्या खांद्यावरून मागे धरली.

“ताई घाबरल्या असतील. त्यांना पाजा आधी...”

मग तो थांबला. मागे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाटली तशीच धरलेली.

शिरपूरला पोचलो तेव्हा सुनंदा अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होती, डाव्या हातानं. मला पाहून उठली नाही. मी काय काय ठरवून गेलो होतो बोलायचं, सगळं बाजूला राहिलं. भडाभडा खरं तेच सांगून टाकलं. नाना, मंदाबाईंचा फोटो, भार, वास, दोन बोटं, ट्रक. सदऱ्याची पाठ दाखवली, अजून ओली होती.

“ही पण विकतो,” म्हणालो. “सायकल घेतो. बैलगाडी घेतो. तू म्हणशील ते. पण घरी चल, सुनंदा. मला तुझ्यावाचून करमत नाही.”

लग्नाला पाच वर्षं झाली होती. असं तोंडानं मी पहिल्यांदाच म्हणालो. तिनं पापड खाली ठेवला. गाडीपाशी गेली. मागच्या सीटवर तळवा ठेवून उभी राहिली. मला वाटलं, रेग्झीन तापलंय का बघतेय. पण बराच वेळ उभी होती. मान थोडी कलती, कुणाचं ऐकतात तशी. मग घरात गेली आणि ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण.

“कुणाची ओटी?”

“मंदाबाईंची, दुसऱ्या कुणाची?” ती म्हणाली. “अहेवपणी गेलेली बाई. तिच्या जागेवर बसायचं, तर तिची ओटी नको भरायला? तुम्हा पुरुषांना गाडी घेताना इंजिन तेवढं दिसतं.”

तिनं सीटला कुंकू लावलं, ओटी ठेवली, नमस्कार केला. आणि एस.टी.त बायका बोलतात ना, अगदी तशी म्हणाली, “अक्का, जरा मागे सरा. मला लांब जायचंय.”

ती बसायच्या आधीच शॉकअप एकदा करकरले. आईशप्पथ! मग ती बसली.

तर अशी बायको घरी आली. त्यानंतरचे सहा महिने... काय सांगू! संसार काय असतो ते मला तेव्हा कळलं. दर रविवारी आम्ही बाहेर पडायचो. सुनंदा मागे हातभर जागा सोडून बसायची. वाटेत गप्पा चालायच्या. भरताची वांगी कुठली चांगली, कळण्याच्या भाकरीच्या पिठात उडीद किती घालायचे. मला अर्धंच ऐकू यायचं, सुनंदाचंच. मध्येच खो खो हसायची. मी विचारलं तर म्हणायची, “तुमचं नाही हो, बायकांचं आहे.” मी आपला ड्रायव्हर! काटा चाळीसच्या पुढे गेला की टक, टक. पुढं पुढं तर मी मुद्दामच चाळीस करायचो. कुणीतरी आपली काळजी करतंय याची चटक लागते माणसाला.

दिवाळीत मला नानांची आठवण आली. म्हटलं, म्हातारा एकटा त्या मळ्यात. त्याला सांगावं, तुमची मंदाबाई कुठे गेली नाही, सुखात आहे. तेवढंच त्याच्या जिवाला बरं. सुनंदाला घेऊन गेलो. ती बाहेर गाडीपाशीच थांबली. मी ओसरीवर नानांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, हात हातात घेऊन. मला वाटलं, म्हातारा रडेल.

नाना रडले नाहीत. त्यांचा हात गार पडत गेला.

“मंदा?” ते म्हणाले. “मंदा त्या गाडीवर एकदाबी नही बठनी, भाऊ.”

“एकदाही नाही?”

“म्या ती गाडी जुनीच लियेल व्हती. घर लयनू, मंदाले म्हनं, बठ. ती सीटकडे देखत राहिनी. म्हने, मी कोठे बठू? तठे बाई बठेल शे...” सीटवर बाई आधीच बसलेली! नानांनी आवाज आणखी उतरवला. “आठ वरीस मी एकला फिरनू. मंदा घरमा व्हती, तवलगून भ्याव नही वाटनं. ती गई... मग मन्हाकडथून नही व्हयनं.”

मी फोटोकडे पाहिलं. मग अंगणाकडे. सुनंदा गाडीला टेकून उभी होती, हसत होती, पदराशी चाळा करत होती. तिच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. गाडी तिथंच टाकून तिला एस.टी.नं घेऊन जावं, असं आलं मनात. पण काय सांगून नेणार? सहा महिन्यांत ती माझ्या मागे बसायला भ्याली नव्हती. खरं सांगावं, तर पुन्हा भिणार. पुन्हा शिरपूर. पुन्हा ते रिकामं घर. मी नानांना नमस्कार केला आणि उठलो.

गाडी रस्त्याला लागली. मग सुनंदानं विचारलं, “काय म्हणाले नाना?”

“म्हणाले... मंदाबाईंना फार बरं वाटलं असेल.”

“खोटं बोलता येत नाही तुम्हाला,” ती म्हणाली. माझ्या पाठीला गाल टेकवून, अगदी मायेनं. “त्या मंदाबाई नाहीत. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

माझी मूठ सुटायची राहिली. “मग ओटी...?”

“तुमच्यासाठी. तुम्ही घाबरला होतात. नाव घेतलं की माणूस कमी भितो.”

“आणि तू? तू नाही घाबरलीस?”

“मी गाडी बदलली म्हणून आले, असं वाटतं होय तुम्हाला? तुमच्या मागे मी बैलगाडीतही बसले नसते. सीटवर हात ठेवला ना, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बस गं, मी आहे मागे. तो नाही पाडणार आता. लहानपणापासून तसाच आहे, धांदरट. पण ऐकतो.’”

मी गाडी बाजूला घेतली नाही. कुठला पाय ब्रेकवर ठेवायचा तेच आठवेना.

“सुनंदा... कोण आहेत त्या?”

“नाव सांगितलंय मला. पण तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. कळलं तर तो गाडी विकेल, म्हणाल्या.”

लहानपणापासून मला अरे-तुरे करणाऱ्या बायका किती? आई, मोठी आत्या, शेजारच्या बेबाबाई, माझी बहीण. तापीचा पूल येईपर्यंत मी एकेकीला आठवत होतो. सगळ्यांना माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी मीच स्मशानात पोचवून आलो होतो, चौघींनाही. आणि त्यांतल्या तिघी अशा होत्या, की त्या आल्या असत्या तर मी गाडी विकली नसती, देवघरात ठेवली असती. उरली ती चौथी.