आता नेनिताचा नंबर

जोशुआ, मोबाइल उलटा ठेव. आकांक्षा, तूही. त्या उजेडात मला बोलता येत नाही. लाइट येईल तेव्हा येईल, गच्चीवर वारा तरी आहे. भुताचं सांगा म्हणून मागे लागलात, तर सांगतो. पण मसाला लावणार नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती बाई माझ्या ओळखीची होती. थोडंसं मी स्वतः पाहिलं, बाकीचं तिने सांगितलं तसं सांगतो. ती खोटं बोलणारी नव्हती. भांडणारी होती.

नाव नेनिता. फिलिपिनो. साल शहाण्णव.

मी तेव्हा ओमानमध्ये, इब्राला होतो, एसीची कामं करायचो. मी आणि सावंतवाडीकडचा शांताराम, तो प्लंबर, असे एका खोलीत राहायचो. समोरच्या इमारतीत खाली दातांचा दवाखाना आणि वर तिथे काम करणाऱ्या बायकांच्या खोल्या. डॉक्टर मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फोनवर बसायला मल्याळी मुलगी, साफसफाईला श्रीलंकेची बाई, आणि डॉक्टरांच्या हाताशी नेनिता. चार फूट दहा इंचांची असेल. दाढेच्या दुखण्याने वेडापिसा झालेला सहाफुटी बदू अरब खुर्चीत बसला की ती त्याला मोडक्या अरबीत दटावायची, "तोंड उघड. अजून. हललास तर डॉक्टरांचा हात चुकेल, मग माझ्याकडे बघू नकोस." आणि तो गुपचूप आ करायचा. मी दवाखान्याचा एसी दुरुस्त करायला गेलो होतो तेव्हा हे पाहिलंय.

शुक्रवारी कधी कधी आम्ही एकाच टॅक्सीने मस्कतजवळ रुवीला मिसाला जायचो. ती मला कुया म्हणायची. त्यांच्यात मोठ्या भावाला तसं म्हणतात. वाटेत दोन तास मुलीबद्दल बोलायची. मुलगी लिगाया, सात वर्षांची, तिकडे एका बेटावर आजीजवळ. नेनिता आली तेव्हा ती चार वर्षांची होती.

त्यांच्या घरी फोन नव्हता. गावात एकच फोन होता, भाताच्या गिरणीत. सकाळी साडेसहाला गिरणी सुरू झाली की त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे, आणि संध्याकाळी मालक कुलूप लावून घरी. म्हणून मालकाने आजीला सांगितलेलं, आठवड्यातून एकदा, सहाला या, गिरणी सुरू व्हायच्या आत बोला. तिकडचे सकाळचे सहा म्हणजे इकडचे रात्रीचे दोन. शुक्रवारी नेनिताला सुट्टी, म्हणून गुरुवारची रात्र ठरलेली.

आता अडचण अशी, की बायकांच्या इमारतीचं फाटक रात्री दहाला बंद व्हायचं. नेनिता सरळ अर्बाबसमोर, म्हणजे दवाखान्याच्या मालकासमोर, जाऊन उभी राहिली. मी शिडीवर होतो, सगळं ऐकलं.

"रात्री दोनला कुठली बाई बाहेर जाते?" तो म्हणाला.

"आई जाते," ती म्हणाली. "किल्ली द्या. नाहीतर मी भिंतीवरून जाईन, आणि पडले तर माझा पाय तुमच्याच खर्चाने बसवावा लागेल."

किल्ली मिळाली.

सूकातला, म्हणजे बाजारातला, कार्डाचा फोन त्याच आठवड्यात बिघडला. उरला तो एकच बूथ, गावाबाहेरच्या रस्त्याला, खजुरीच्या बागेच्या भिंतीजवळ. काचेचा, आत ट्यूब. समोर रस्त्यापलीकडे एका पठाणाची बेकरी, तिची भट्टी रात्रभर चालायची. आजूबाजूला दुसरं काही नाही.

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला, गुरुवारी रात्री, ती पहिल्यांदा त्या बूथवर गेली. दोनला पाच कमी होते. आत एक माणूस होता. निळी डांगरी, केसांत सिमेंट, पाठ बाहेरच्या बाजूला. कानाला रिसीव्हर. ही बाहेर थांबली. आपल्यासारखाच कोणी असेल, त्याचंही कोणी तिकडे जागं असेल, असं तिला वाटलं. दोन वाजले. सव्वादोन झाले. तो बोलत नव्हता, नुसता ऐकत होता. अडीच वाजले तशी तिकडची गिरणी सुरू झाली असणार. ती परत आली.

दुसऱ्या गुरुवारी ती दीडलाच गेली. तो आत. तसाच. या वेळी तिने काचेवर हात आपटला. "भैया! खलास?" मान हलली नाही. तेवढ्यात सूर गावाकडून एक ट्रक आला. त्याच्या दिव्यांचा झोत बूथमधून आरपार गेला, मागच्या भिंतीवर पडला. भिंतीवर बूथच्या चौकटीची सावली पडली. टेलिफोनची पडली. तिची स्वतःची पडली.

त्याची नाही.

ती पळाली. हे तिने स्वतः सांगितलं, लपवलं नाही. चप्पल तिथेच राहिली.

सकाळी बेकरीवाल्या पठाणाने तिची चप्पल आणून दिली आणि म्हणाला, "बहन, उधर रात को मत जाओ. उधर कोई नहीं होता." मग कळलं की हे सगळ्या इब्राला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कोणी एक मजूर त्या बूथवर अर्धी रात्र उभा होता. घरी फोन लागत नव्हता. शेवटी बाहेर पडला आणि गाडीखाली गेला. कोणाचा कोण, ठाऊक नाही. खिशात कागद नव्हता. पठाण म्हणाला बंगाली होता. बंगाली म्हणाले मलबारी. मल्याळी मुलगी म्हणाली तमिळ असेल. शांताराम मला म्हणाला, "आपला कोणी नव्हता तो, आपल्याला कळलं असतं." मीही हो म्हणालो. दुसऱ्याचा म्हटलं की बरं वाटतं ना.

आम्ही तिला समजावलं. शांताराम म्हणाला, "मस्कतला जा, तिकडून फोन कर."

"रात्री दोनला मस्कतला? कशाने?"

"मग पत्र लिही."

ती आमच्या पायरीवर उभी होती. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "कुया, माझी मुलगी दोन आठवडे गिरणीत फोनशेजारी उभी राहिली आणि रडत शाळेत गेली. तिला वाटतंय आई विसरली. इथे येऊन मी सगळं सोडलं. माझी भाषा, माझा समुद्र, तिचं पहिलं पावसाळी आजारपण. आता हा अर्धा तास पण सोडू? जिवंत माणसाला मी दिला नसता. मेलेल्याला का देऊ?"

"भीती नाही वाटत?"

"वाटते. घेऊन जाईन बरोबर."

चौदा नोव्हेंबरची रात्र. गुरुवार संपून शुक्रवार लागलेला. मी तिच्याबरोबर निघालो, खोटी मर्दुमकी कशाला सांगू, बेकरीपर्यंतच गेलो. पुढे पाय उचलेना. पठाणाने मला स्टूल दिलं आणि स्वतः भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. म्हणाला, "हम नहीं देखेगा."

दोनला सात कमी.

ती रस्ता ओलांडून गेली. थंडी होती, डोक्यावर शाल घेतलेली. बूथमध्ये ट्यूब जळत होती. मला बूथ रिकामा दिसत होता. हे लक्षात ठेवा. मला कोणी दिसलं नाही.

तिला दिसत होतं.

ती दाराबाहेर उभी राहिली. रांगेत उभं राहतात तशी. एक मिनिट. दोन मिनिटं. मग तिने काचेवर बोटाने टकटक केली. हळू.

"भैया. खलास?"

काही नाही.

तिने दार ओढलं.

पुढचं तिने सांगितलं ते. आत ओल्या सिमेंटचा वास. रिसीव्हरमधून आवाज येत होता, तिकडे घंटी वाजत होती... वाजत होती... कोणी उचलत नव्हतं. यंत्रात कार्ड नव्हतं.

ती म्हणाली, "कोई नहीं उठाता, भैया."

तो तसाच.

"मेरे घर भी दो हफ्ते घंटी नहीं बजी. तेरे कारण. मेरी बेटी रोती है." तिचा आवाज कापत होता, म्हणाली, पण रागाने की भीतीने ते तिला कळेना. "तेरा भी कोई है, मालूम. पर लाइन लाइन होता है. पहले मैं. फिर तू."

आणि तिने हात पुढे केला.

मी रस्त्यापलीकडून एवढंच पाहिलं. एक छोटीशी बाई रिकाम्या बूथच्या दारात हात पसरून उभी आहे. बराच वेळ. पठाण मागे कलमा म्हणत होता.

मग तो वळला.

चेहरा? नाही जोशुआ, चेहऱ्याबद्दल ती कधी बोलली नाही. मी एकदा विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

त्याने रिसीव्हर तिच्या हातात दिला.

थंड असेल असं तिला वाटलं होतं. नव्हता. गरम होता. तासन्‌तास कानाला धरलेला असतो तसा... गरम.

ती आत शिरली. तो बाहेर निघाला नाही. तो बूथ एका माणसापुरता. तिने कार्ड घातलं. नंबर फिरवला. मागे कोणीतरी उभं. पाठीला लागून. तिने मान वळवली नाही.

घंटी. एक. दोन.

"मामा?" लिगाया आईला मामा म्हणायची.

ती बोलली. काय बोलली? दाताबद्दल. लिगायाचा पुढचा दात हलत होता, जिभेने ढकलू का म्हणून विचारत होती. आईने सांगितलं, ढकल, घाबरू नको, दुखलं तरी आपलाच दात आहे. मी बेकरीतून पाहत होतो, ती हसत होती. त्या बूथमध्ये. हसत होती. तिच्या डोक्यावरची शाल मात्र मागून कोणीतरी श्वास सोडावा तशी हलत होती. दार बंद होतं. आत वारा नव्हता.

दोन पंचवीस.

मुलीने बाय म्हटलं. नेनिताला वाटलं तिने फोन ठेवला.

आता ही बाई ठेवून पळू शकत होती ना? कोणीही पळालं असतं. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला नाही. मान न वळवता तसाच खांद्यावरून मागे धरला.

"अब तेरा नंबर. बोल."

हातातून रिसीव्हर घेतला गेला.

ती बाहेर आली. रस्ता ओलांडला. सावकाश. माझ्याजवळ येऊन स्टुलावर बसली तेव्हा तिचे दात वाजत होते. पठाणाने तिला भट्टीतली गरम रोटी दिली. ती सगळी खाल्ली तिने. मग म्हणाली, "पुढच्या गुरुवारी दोनलाच. त्याला सांगितलंय, आधी मी."

आम्ही दोघांनी बूथकडे पाहिलं. रिसीव्हर खाली लोंबत नव्हता. जागेवरही नव्हता. म्हणजे... मला नीट दिसलं नाही. मी जास्त वेळ पाहिलंच नाही.

पुढच्या गुरुवारी बूथ रिकामा होता. तिलाही रिकामाच दिसला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. पठाणाने तिला ताईत दिला, तिने आभार मानून परत केला. म्हणाली, वाईट माणूस नव्हता, फक्त रांग विसरला होता. इब्रातले लोक मात्र लांबूनच जायचे. ती एकटी दर आठवड्याला तिथे उभी राहून बोलायची, अर्बाबच्या किल्लीने फाटक उघडून, आणि परत येताना मुद्दाम रस्त्याच्या मधून चालायची. असं तीन वर्षं. मग परत गेली मुलीकडे.

पण त्याच वर्षी डिसेंबरात एक पत्र आलं. तिच्या आईचं. रात्री नेनिता ते घेऊन आमच्याकडे आली. आजीने लिहिलं होतं, दाताचं विचारलं त्या दिवशी तू बोलून झाल्यावर लिगायाने फोन ठेवलाच नाही. कानाला लावून उभी राहिली. गिरणी सुरू झाली, आम्हाला एकमेकींचं ऐकू येईना, तरी ही ऐकत होती. मान हलवत होती. घरी आली, शाळेत गेली नाही. बसून एक पान लिहिलं. कसली अक्षरं आहेत आम्हाला कळत नाहीत, टीचरलाही नाहीत. तिला विचारलं तर म्हणते, त्या अंकलने सांगितलं तसं काढलं. पान पाठवतेय.

शांतारामला घरून पत्रं यायची, त्यांवर असली अक्षरं नेनिताने पाहिली होती. म्हणून ती आमच्याकडे आली.

वहीचं पान. पेन्सिलीने लिहिलेलं. सात वर्षांच्या मुलीचा हात, अक्षरं मोठी, वाकडी, शिरोरेघा वरखाली गेलेल्या. पण देवनागरी.

शांतारामने पान दिव्याखाली धरलं. त्याचे ओठ हलले. 

"काय लिहिलंय?" नेनिता म्हणाली.

तो पायरीवर बसला.  मग त्याने वाचलं. मालवणीत, जसं लिहिलं होतं तसं.

"आये, तू जेवन घे. माजी वाट बगू नको."