दोन ‘खाट पाच’

दुपारी तीनला वॉर्डातली धोक्याची घंटा अकरा सेकंद उशिरा वाजली. सिस्टर तरातरा माझ्या टेबलाशी आल्या.

“अकरा सेकंद म्हणजे काय, कळतं का तुला? तेवढ्यात माणूस हातचा जातो.”

कळत होतं. पाचव्या खाटेवर माझे बाबा होते.

या हृदयरोग विभागाचा सर्व्हर मीच सांभाळते. आठ खाटा, प्रत्येक उशाशी ठोके मोजणारं यंत्र, आणि सर्व्हरच्या पोटात त्या-त्या यंत्राकडे कान लावून बसलेला एकेक थ्रेड, म्हणजे तेवढं एकच काम करणारा प्रोग्रॅमचा धागा. एका आईची आठ लेकरं, कामं वाटून घेतलेली. सर्व्हर त्यांना लांबलचक आकड्यांनी ओळखतो. मला ते रुक्ष वाटायचं, म्हणून मी नावं दिली: खाट एक, खाट दोन, अशी आठांना. नाव मिळालं की माझ्या यादीतून आकडा पुसला जातो. बाबा तेव्हा हसले होते. “खुडबुडे, यंत्रांनाही लाडाची नावं?”

मी यादी उघडली. नऊ ओळी.

नववा बिननावाचा, नुसता आकडा. कुठल्याच यंत्राला जोडलेला नाही, तरी ठोके मोजत होता. बहात्तर. बहात्तर. बहात्तर. एकही इकडचा तिकडे नाही. घरातल्या थोरल्याचं जेवण उरकेपर्यंत सगळ्यांनी ताटकळावं, तसे बाकीचे आठ त्याच्यासाठी खोळंबले होते.

“सिस्टर, नववी खाट आहे का कुठे?”

“आठांतच चालायला जागा नाही. नववी काय माझ्या डोक्यावर ठेवू?”

मला बसवेना. बाबांकडे गेले, मनगट हातात घेतलं. चार ठोके, एक खंड. चार ठोके, एक खंड. त्या हुकणाऱ्या पाचव्यासाठीच संध्याकाळी शस्त्रक्रिया होती.

“खिडकीशी कोण उभं आहे गं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही, बाबा.”

“मग वाट कसली बघतंय?”

मी परत आले. त्या नवव्याला आधी नाव द्यायचं आणि मग बंद करायचं, ही माझी रीत. बिननावाचं काही मी कधी बंद केलं नाही. घाईत ‘खाट पाच’ हे नाव देताना लिहिलेली आज्ञाच उचलली, नवव्यापुढे चिकटवली, नाव बदलायचं राहिलं आणि कळ दाबली गेली.

यादीत दोन ‘खाट पाच’.

दोघांचेही आकडे पुसलेले. माझीच हौस.

ठोक्यांवरून ओळखू, म्हणून दोन्ही उघडले. एकात बहात्तर दिसायला हवे होते, सरळ, न चुकणारे.

चार ठोके, एक खंड. दोन्हींत.

तेवढ्यात दुसऱ्या खाटेची घंटा वाजली. आता वीस सेकंद उशीर.

“अगं, कर ना काहीतरी!” सिस्टर ओरडल्या.

मी वरची ओळ निवडली. मग खालची. पुन्हा वरची.

वरची बंद केली.

यादीत आठ उरले. सिस्टरांनी घंटा तपासून पाहिली. वेळेवर, अगदी काट्यावर.

मी पाचव्या खाटेशी धावले. डॉक्टर बाबांवर वाकले होते. “कमाल आहे. एकही ठोका चुकत नाहीये. आजची शस्त्रक्रिया थांबवू या.”

सिस्टरांनी माझी पाठ थोपटली. “बघ, जिवात जीव आला की नाही?”

मी उशाशी असलेल्या यंत्राकडे पाहिलं. बहात्तर. बहात्तर.

बाबांनी डोळे उघडले. परक्या माणसाकडे पाहावं तसं, फार अदबीने, माझ्याकडे पाहिलं.

“नाव दिलंत,” ते म्हणाले. “उपकार झाले.”

खिडकीची काच बाहेरून कुणीतरी बोटाने वाजवत होतं.

चार ठोके, एक खंड.