शमनी बंद असताना

सकाळी भाजी घरपोच देणारी सेवा बंद पडली आणि तनुजा शिंत्रेच्या पडद्यावरची रेघ सरळ वर चढली. नऊ मिनिटांत अकरा हजार तक्रारी. कोथिंबीर वेळेवर आली नाही की माणसं किती पोटतिडकीने लिहितात, हे सांगलीच्या खंडनोंद केंद्रातल्या आठ वर्षांनी तिला शिकवलं होतं.

खंडनोंद म्हणजे सेवांमध्ये पडणाऱ्या खंडाची नोंद. कंपन्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. सगळं ठप्प झालं तरी त्यांच्या फलकावर 'सर्व सुरळीत' हेच झळकायचं. म्हणून केंद्र वापरणाऱ्यांवर विसंबायचं. रोजच्या दसपट तक्रारी आल्या की रेघ लाल व्हायची आणि सेवा बंद असल्याचं जाहीर व्हायचं. ही पद्धत आजवर कधी चुकली नव्हती.

अकराच्या सुमारास मिरजेहून डॉ. निसार मुजावर आले. मेंदूचा अभ्यास करणारे गृहस्थ, चहा नको म्हणाले म्हणजे काम गंभीर होतं.

"तनुजाताई, शमनीचा आलेख दाखवता?"

रेघ आडवी, हिरवीगार. काल दिवसभरात तीन तक्रारी.

"शमनी अठरा दिवस बंद आहे," डॉक्टर म्हणाले. "आमच्या प्रयोगातल्या एकालाही संकेत मिळत नाहीये."

तनुजाचा हात कानामागे गेला. तिथे शमनीची हरभऱ्याच्या डाळीएवढी चकती होती. राज्यात चाळीस लाख लोकांच्या कानामागे ती होती. शमनीच्या कंपनीकडून येणाऱ्या संकेतांनी ती मेंदूतल्या दुःखाची धार बोथट करायची. आठवण शाबूत राहायची, कळ तेवढी जायची. अकरा महिन्यांपूर्वी तनुजाचा नवरा अमेय गेला, तेव्हा तिने ती बसवून घेतली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर होती, आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

चौदा वर्षांखालच्या मुलांना मात्र शमनी बसवत नसत. त्यामुळे नऊ वर्षांची अन्वी बाबांसाठी एकटीच रडायची आणि तनुजा शेजारी बसून तिला पाणी द्यायची. वर्षश्राद्धाला चकती काढीन, मग आपण दोघी मिळून रडू, असं तिने लेकीला कबूल केलं होतं.

"पण मग तक्रारी का नाहीत, डॉक्टर?"

"दाताला दिलेलं इंजेक्शन उतरतं ना, तशी बधिरता दोन दिवसांत उतरेल, अशी आमची समजूत होती. पण मेंदूला सवय लागलीय. आता तो आपला आपणच ती कळ दाबून धरतो."

"म्हणजे लोकांना कळलंच नाही?"

"पाय बधिर झालेल्याला चप्पल निसटलेली कळत नाही, ताई. तक्रार करायला आधी काहीतरी दुखावं लागतं."

तनुजाने बाद तक्रारींचा कप्पा उघडला. सेवा न वापरणाऱ्यांनी केलेल्या तक्रारी तिथे जायच्या. नियमच तसा होता, आणि त्या रोज न वाचता बाद करण्याचं काम तिचंच होतं. शमनीच्या नावाने तिथे दोनशे बारा तक्रारी होत्या. सगळ्या मुलांच्या.

चकतीवर बारीक हिरवा दिवा असतो. तो ज्याचा त्याला दिसत नाही. मोठ्यांना दुसऱ्याचा बघावासा वाटला नव्हता, मुलांनी बघितला होता.

'आजोबांचा दिवा विझलाय. तरी आजीचं नाव काढलं की ते बातम्या लावतात.'

पुढची तक्रार तीन दिवसांपूर्वीची, अन्वी शिंत्रे, इयत्ता चौथी हिची होती. 'आईचा दिवा पंधरा दिवस बंद आहे. म्हणजे तिला आता रडू यायला पाहिजे. मी रोज बाबांचा शर्ट घालून तिच्यासमोर बसते. काल तिने तो इस्त्री करून दिला.'

डॉक्टरांनीही ते वाचलं. त्यांनी विचारलं, "काही वाटतंय का?"

तनुजाने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं.

"कॉलर नीट बसली होती," ती म्हणाली. "एवढंच आठवतंय."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "या तक्रारी ग्राह्य धरल्या तर कंपनीला तासाभरात शमनी सुरू करावी लागेल."

"आणि नाही धरल्या, तर मी बरी होईन?"

"तसं सांगता येत नाही. बहुतेक नाही."

"मग सुरू करून काय फरक पडेल?"

"तुम्हाला काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "दिवा लागेल, इतकंच."

काय करणं योग्य, हे तनुजाला आतून काहीच सांगत नव्हतं. ते तिला हिशेब मांडल्यासारखं डोक्याने ठरवावं लागलं. मग तिने दोनशे बाराही तक्रारी ग्राह्य धरल्या. रेघ लाल झाली.

संध्याकाळी ती घरी पोळ्या लाटत होती. अन्वी मागून आली, स्टुलावर चढली आणि तिने आईच्या कानामागचे केस बाजूला केले.

"आई, लागला!" ती ओरडली, आणि तिने तनुजाच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. "बंद असताना पण तू तशीच होतीस ना, मला वाटलं तू खरंच अशी झालीस. पण नुसता दिवाच बिघडला होता, मशीन चालूच होतं!"

"हो," तनुजा म्हणाली.

"मग श्राद्धाला काढशील ना?"

"काढीन."

अन्वी कॅलेंडरपाशी पळाली आणि दिवस मोजू लागली. चोवीस भरले.